शापित चाती : सोलापुरातल्या एका वाचन-प्रकल्पाच्या नोंदी

६ एप्रिल

सुट्टीतल्या प्रकल्पासाठी गोष्ट ठरली. मुलांनी हात वर करून ‘झोपलेल्या राजकन्ये’ला निवडून दिलं, सिंड्रेला थोडक्यात पडली. (मला मनातून सिंड्रेला हवी होती, पण लोकशाही म्हटल्यावर काय.) काम असं की या एकाच गोष्टीची जुनी-नवी रूपं जमवायची, पुस्तकं आणि सिनेमे दोन्ही, आणि मे महिन्यात वाचनालयाच्या मागच्या खोलीत तक्ते लावायचे. सारांश लिहायचा नाही, ही अट माझी. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सांगणाऱ्यानं काय बदललं आणि त्यानं गोष्टीचं काय झालं, एवढंच तक्त्यावर.

सिनेमे इथे दाखवायचे नाहीत, परवान्याची भानगड नको. ज्याला बघायचे त्यानं घरी बघावेत. लागतील ते प्रसंग आपण चित्रांतून मांडू. आमच्यात चित्रकलेचं शिक्षण घेणारी एकजण आहे, तिनं लगेच कार्डशीटची यादी माझ्या हातात ठेवली.

९ एप्रिल

पहिलं वाचन. फ्रान्सच्या शार्ल पेरोचं १६९७ सालचं रूप आणि जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचं १८१२ चं, दोन्ही समोर ठेवून मी मराठीत तोंडी सांगत गेले. मुलांना ग्रिमचंच माहीत होतं: बाराच सोन्याच्या ताटल्या म्हणून तेराव्या परीला आमंत्रण नाही, चाती (सूत कातायची टोकदार सळई) टोचण्याचा तिचा शाप, गुलाबाच्या काट्यांचं कुंपण, शेवटी राजपुत्राचं चुंबन. पेरोकडे चुंबनच नाही म्हटल्यावर पोरं चकित झाली. तिथे राजपुत्र नुसता गुडघे टेकतो, शंभर वर्षं भरलेली असतात म्हणून तिला जाग येते, आणि उठल्या उठल्या ती त्याला म्हणते, फार वाट बघायला लावलीत. तिचा पोशाख आपल्या आजीच्या काळातला दिसतोय हे त्याच्या लक्षात येतं, पण शहाणा माणूस, बोलत नाही. मोठ्या मुली यावर पुष्कळ हसल्या.

पेरोची आणखी एक गंमत मला पूर्वी कधी जाणवली नव्हती. त्याच्या गोष्टीत राजा-राणी झोपत नाहीत. मुलीचा मुका घेऊन ते वाड्यातून निघून जातात. झोपतात त्या दासी, आचारी, पहारेकरी, घोडे आणि राजकन्येचं लहानसं कुत्रं. परी त्यांना झोपवते ते एवढ्याचसाठी, की शंभर वर्षांनी बाईसाहेब उठल्या तर हाताखाली माणसं हवीत. आचाऱ्याला कुणी विचारलं नाही, बाबा, तुझी बायकापोरं गावात आहेत का?

मी या विचारात असतानाच सातवीतल्या एका मुलीनं प्रश्न टाकला. हिच्या घरी टॉवेलचे चार माग आहेत, साखर पेठेत. ती म्हणाली, “मॅडम, राजानं राज्यातल्या सगळ्या चात्या जाळल्या ना? मग पंधरा वर्षं लोकांनी घातलं काय?”

खोलीत एकदम गलका. कुणी म्हणे बाहेरून सूत मागवलं असेल, कुणी म्हणे जुनेच कपडे. एका मुलाचं म्हणणं, राजाला काय, त्याच्याकडे रेशीम असतंय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेरोनं दिलेलं नाही, ग्रिमनीही नाही.

१० एप्रिल

काल रात्री ठरवून टाकलं. प्रदर्शनाला आता एक कणा आहे. प्रत्येक तक्त्यावर उजवीकडे एक चौकट ठेवायची आणि वर लिहायचं: “चातीचं काय झालं?” परीकथांचे तक्ते गुलाब-किल्ल्यांचे कुठेही लावता येतील. ही चौकट सोलापूरच्याच मुलांना सुचली.

१३ एप्रिल

इटलीतलं जुनं रूप. जाम्बात्तिस्ता बासिले, नेपल्सच्या बोलीत लिहिणारा, पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६३४ पासून छापलं गेलं. यात मुलीचं नाव तालिया, आणि चाती टोचत नाही. तिच्या नखाखाली जवसाच्या तंतूंतली कुसळ शिरते. बापानं घरात जवस-अंबाडी आणायला बंदी केलेली असतेच. म्हणजे बंदी इथेही आहे, पण एका घरापुरती. गावातल्या बायका कातत राहतात, त्यातलीच एक म्हातारी खिडकीखालून जाते आणि पुढचं घडतं.

त्यानंतर एक राजा तिला झोपेत गाठतो. तिला जुळी होतात, एक पोर दूध शोधता शोधता बोट चोखतं, कुसळ निघते आणि ती जागी होते. हे मुलांपुढे कसं मांडायचं यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. “गोड करून सांगू” हे मला मान्य नाही, जे झालं त्याला अत्याचारच म्हणतात. शेवटी मोठ्यांसाठी वेगळा कोपरा करायचा ठरलं, बासिले तिकडे जाईल. मुलांच्या तक्त्यावर फक्त कुसळ आणि ती चोखून काढणारं बाळ.

१४ एप्रिल

भीमजयंती. वाचनालय बंद.

१७ एप्रिल

डिस्नेचा १९५९ चा सिनेमा, सगळ्यांनी आपापल्या घरी बघून आलेला. चित्रकार मुलगी पार्श्वभूमीवरच अडकली आहे: आयव्हिंड अर्ल या चित्रकारानं रंगवलेली ती उभी, कोनाकोनांची झाडं, जुन्या पोथीतल्या चित्रांसारखं सपाट, बारीक काम. सत्तर मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी केलेलं ते काम मोबाईलवर बघणं म्हणजे पाप आहे असं तिचं मत, आणि ते बरोबर आहे. संगीत चायकोव्हस्कीच्या बॅलेतून घेतलेलं.

पण शंभर वर्षं गेली कुठे? या सिनेमात राजकन्या एक रात्रही धड झोपत नाही. काळाचा सगळा भार काढून घेतला आणि त्या जागी ड्रॅगनची लढाई आणून ठेवली. मुलांना लढाई आवडते, मलाही आवडली. शाप देणारी मॅलेफिसंट पडद्यावर आली की बाकीचे सगळे फिके पडतात, हेही खरं. तरी गोष्टीतली सगळ्यात विलक्षण गोष्ट, एक अख्खं गाव काळाच्या बाहेर राहतं ती, त्यांनी फुकट घालवली.

चातीच्या चौकटीसाठी मात्र मसाला भरपूर. राजाच्या हुकमावरून चरख्यांची होळी होते आणि आपण ती पडद्यावर बघतो. मग सोळा वर्षं सरतात. तीन पऱ्या जादू न वापरता जंगलात मुलगी वाढवतात आणि तिच्या वाढदिवसाला पोशाख शिवायला घेतात, तर त्यांना साधं कापड बेतता येत नाही! त्या पोशाखाचं कापड आलं कुठून, हा प्रश्न आमच्या टॉवेलवालीनं लगेच वहीत टिपला.

२१ एप्रिल

आजचा दिवस अक्कांचा.

अक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात, घरी तेलुगू, बाहेर मराठी. त्यांचे यजमान गिरणीत रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर होते. अक्कांनी स्वतः वर्षानुवर्षं घरी बसून मागांसाठी कांड्या भरल्या. त्यांनी दोन वस्तू आणल्या: शाळेत मूलोद्योगाला (हातकामाच्या तासाला) असायचा तसला पेटी चरखा आणि यजमानांनी जपून ठेवलेली गिरणीतली एक लोखंडी चाती. गिरणीची चाती वीतभर, जड, तेलानं काळी पडलेली. मुलांनी टोकाला बोट लावून बघितलं. टोचत नाही.

“ही कशाला टोचतीय,” अक्का म्हणाल्या. “हिच्यावर बॉबिन बसतंय. मिनटाला हजारो फेरे. बोट कापलं तर सुतानं कापतंय, चातीनं नाही. आन् झोप कसली? त्या खात्यात एवढा आवाज, माणूस घरी येऊनसुदिक झोपत नव्हतं.”

मग चरखा उघडला. डाव्या हातात पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी), उजव्या हातानं चाक. मी बाजूला बसून बघत होते. पेळूचं टोक चातीला लावून त्या हात तिरका मागे नेतात, तसतसा धागा चातीच्या टोकावरून प्रत्येक फेऱ्याला सटकतो, आणि त्या सटकण्यानंच त्याला पीळ बसतो. हात ताणून संपला की चाक किंचित उलटं, धागा काटकोनात, आणि तयार सूत चातीवर गुंडाळलं जातं. पुन्हा तेच. टोक मोकळं आणि निमुळतं नसेल तर धागा सटकणार नाही. ही चाती खरंच अणकुचीदार होती. एका मुलाच्या बोटातून टिपूसभर रक्त आलं आणि तो लगेच जमिनीवर आडवा होऊन घोरायला लागला. सगळे हसून बेजार.

यातून एक कोडं सुटलं. युरोपात घरोघर जो पायानं चालवायचा चरखा पुढे रूढ झाला, त्यात धागा एका भोकातून आत ओढला जातो आणि लगेच गुंडाळला जातो. बोट टोचावं असं उघडं टोक तिथे नसतं. टोचणारं टोक असतं ते हातानं चाक फिरवायच्या मोठ्या चरख्याला, आपल्यासारख्याला. पेरोच्या म्हातारीकडे तर चाकच नाही, हातातली चाती आहे. चित्रांच्या पुस्तकांतून आणि सिनेमांतून दिसणारा चरखा पुष्कळदा त्या पायाच्या जातीचा असतो. चित्रकारांनी सूत कातून बघितलेलं नसावं.

ग्रिमची राजकन्या म्हातारीला विचारते, हे गमतीशीर उड्या मारतंय ते काय आहे? पंधरा वर्षांची मुलगी, आणि चाती म्हणजे काय तिला ठाऊक नाही. हे वाक्य मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग टोचणारच की. पोरीला दाखवायचं नाही, आन् मग टोचलं म्हणून रडायचं.”

हे वाक्य तक्त्यावर जाणार.

२४ एप्रिल

‘मॅलेफिसंट’, २०१४. पारा बेचाळीसच्या पुढे, दुपारी कुणी फिरकलं नाही, संध्याकाळी बसलो.

अँजेलिना जोलीसाठी बघावा. तिचे पंख कापून नेले जातात तो प्रसंग दमदार आहे, आणि जाग आणणारं चुंबन राजपुत्राचं नसून शाप देणारीचंच, कपाळावर, हा बदल मला पटतो. त्यापुढची मारामारी नेहमीची. तीन पऱ्यांना बावळट केलंय ते उगाच. चौकटीसाठी: मोडके, जळके चरखे किल्ल्याच्या तळघरात कोंडलेले, आणि वेळ येताच त्यातले तुकडे आपोआप जुळून चरखा उभा राहतो. बंदीनं काही संपत नाही, फक्त तळघरात जातं, हे सिनेमानं नेमकं दाखवलंय. पण राज्यातले कातणारे लोक इथेही गायबच.

२८ एप्रिल

सापडलं!

रॉबिन मॅकिन्ली या अमेरिकन लेखिकेची २००० सालची कादंबरी, ‘स्पिंडल्स एंड’. आमच्यातल्या बी.ए.च्या विद्यार्थिनीनं दोन रात्रींत वाचून काढली आणि आज येऊन सांगितली. या राज्यात चात्या जाळत नाहीत. सूत तर लागणारच, म्हणून चातीची टोकं जाड आणि बोथट करायचा नियम निघतो. मग लोक ती टोकं कोरायला लागतात, त्यावर नक्षी येते, आणि कोरीव टोक ही तिथली एक कलाच होऊन बसते. शापित राजकन्या रोझी हीच अशी टोकं कोरण्यात पटाईत. वाढते खेड्यात, परीच्या घरात. जनावरांशी बोलते, घोड्यांवर इलाज करते, सुंदर दिसण्याची तिला जराही हौस नाही. आणि शेवटी शापाला तोंड द्यायला ती झोपून राहत नाही.

टॉवेलवालीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिच्या प्रश्नावर कुणीतरी अख्खी कादंबरी लिहून ठेवली होती.

कादंबरी संथ आहे, मधली शंभर-दीडशे पानं गावगप्पांतच जातात, आणि शेवटचा जादूचा संग्राम इतका गुंतागुंतीचा की कोण कुठे आहे कळेनासं होतं. चालेल. राज्य चालवायचं तर कापड लागतं, एवढं भान इथवर कुणाला नव्हतं.

अक्कांना मात्र बोथट टोक पसंत नाही. “धागा सुटणारच नाही त्याच्यावरनं. लिवणारीनं कातलंय का कधी?” मी लेखिकेची बाजू घेऊन बघितली. हरले.

१ मे

महाराष्ट्र दिन, कामगार दिन. झेंडावंदनानंतर थोडा वेळ बसलो.

एकाचं म्हणणं, सोलापूरवर वेगळा तक्ता हवा: इथे चात्या थांबल्या तेव्हा काय झालं. माझा आधी विरोध होता. परीकथेच्या प्रदर्शनात गिरण्यांचा इतिहास कोंबायचा आणि दोन्हींची वाट लावायची, हे प्रकार मी पुष्कळ बघितलेत. पण तो जे कागद घेऊन आला होता ते वाचून मी नमले. १९४९ मध्ये इथली जुनी गिरणी, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, बंद पडली. पुढल्याच वर्षी केंद्र सरकारनं या एका गिरणीसाठी खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकानं त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि १९५० मध्येच तो खटला तो हरला; घटनेच्या अभ्यासात आजही शिकवतात, चिरंजीतलाल चौधरी खटला. कायद्यात कारणं दिलीत ती अशी: गैरकारभारामुळे अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनावर झालेला परिणाम, आणि लोकांवर आलेली बेकारी.

परीकथेतल्या राजाच्या दरबारात हे सांगायला एकही मंत्री नव्हता.

वेगळा तक्ता नाही. पण पेरोच्या चौकटीत, राजाच्या हुकमाच्या खाली, या कायद्याच्या दोन ओळी लावायच्या.

३ मे

आजची नोंद लांबणार.

मेरी फ्रिअर या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीनं १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचं पुस्तक काढलं. गोष्टी सांगितल्या होत्या ॲना लिबेराता डिसोझा या तिच्याकडच्या आयाबाईनं, दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेलं. लिंगायतांचे संत सिद्धरामेश्वर यांच्या या गावात हे वाचताना बरं वाटतं.

त्यात सूर्याबाईची गोष्ट आहे. दूधवालीची मुलगी, गरुडांनी उचलून नेलेली, झाडावरच्या घरात वाढलेली. एकदा विस्तव विझतो म्हणून ती राक्षसाच्या घरी मागायला जाते. तो मागावर येतो, दार उघडत नाही, आणि ओरबाडताना त्याचं नख दारात मोडून राहतं. सकाळी ती दार उघडते, नख हातात घुसतं, ती निपचित पडते. पुढे एक राजा येतो, नख काढतो, ती जागी होते.

चुंबन नाही, शाप नाही, चाती नाही. बासिलेच्या कुसळीसारखंच आहे: अंगात काहीतरी रुतलंय, ते काढलं की माणूस उठतो. मला हे चुंबनापेक्षा कितीतरी पटतं.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. राजाला आधीची राणी आहे. ती सूर्याबाईला तलावात ढकलते. तिथे सोनेरी सूर्यफूल उगवतं, राणी ते जाळायला लावते, राखेतून आंब्याचं झाड येतं, आणि त्याचा आंबा पडतो तो नेमका एका गरीब दूधवालीच्या भांड्यात, जी तिची आईच. आता पेरो आठवा: त्याच्याकडेही जाग आल्यावर अर्धी गोष्ट शिल्लक असते. सासू राक्षसीण निघते, नातवंडं शिजवून मागते, आणि आचारी कोकराचं मांस पुढे करून पोरं वाचवतो. बासिलेकडे हेच काम राजाची पहिली बायको करते, तिथेही आचारीच धावून येतो. ग्रिमनी हा भाग कापला, आणि आम्ही बघितलेले सिनेमे त्या कापलेल्या जागेवरच थांबतात. झोपेपेक्षा जागेपणीचा सासुरवास भारी, हे जुन्या सांगणाऱ्यांना ठाऊक होतं.

अक्कांना सूर्याबाई सांगितली. त्यांच्या लहानपणी अशीच काहीतरी होती म्हणाल्या, पण त्यात आंब्याऐवजी दुसरं फळ होतं. कुठलं ते आठवेना.

७ मे

मोठ्यांच्या कोपऱ्यासाठी जेन योलेन यांची १९९२ ची कादंबरी, ‘ब्रायर रोझ’. आजी आयुष्यभर नातींना हीच गोष्ट सांगत असते, पण तिच्या गोष्टीत राजकन्येखेरीज दुसरं कुणी जागं होत नाही. आजी गेल्यावर नात पोलंडला जाते, आणि तो किल्ला म्हणजे खेल्मनो इथली नाझींची संहारछावणी असल्याचं कळतं. धुकं म्हणजे विषारी वायू. हे वाचून मी त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही. चौकट रिकामी ठेवली.

नील गेमन यांचं पुस्तक मुलांच्या बाजूला. त्यात लग्न तोंडावर आलेली एक राणीच झोपलेलीला उठवायला निघते, आणि झोपलेली कोण, जागी कोण, याचा उलगडा भलताच निघतो. सांगणार नाही. क्रिस रिडेलची काळ्या शाईची चित्रं चित्रकार मुलीनं तासभर हातातून सोडली नाहीत.

१० मे

चायकोव्हस्कीच्या बॅलेचा तक्ता जवळजवळ रद्दच झाला होता, नाच कागदावर काय दाखवणार! पण १८९० च्या सेंट पीटर्सबर्गच्या त्या पहिल्या आराखड्यातच एक प्रसंग आहे: बंदी मोडून सुया घेऊन बसलेल्या गावच्या बायका पकडल्या जातात, राजा शिक्षा फर्मावतो, आणि मुलीचा वाढदिवस म्हणून माफ करतो. कातणा-विणणाऱ्या बायका रंगमंचावर आल्या! तक्ता राहिला.

१६ मे

लावून झालं. उकाड्यानं चिकटपट्ट्या सुटतात, म्हणून तक्ते दोरीला टाचले. दोरी अर्थातच सुती, टॉवेलवालीच्या घरची.

१९ मे

गर्दी बरी. पालक डिस्नेपाशी थांबतात, आज्या सूर्याबाईपाशी. “लोकांनी घातलं काय?” या प्रश्नाखाली कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. उत्तरं आली ती अशी: शेजारच्या राज्यातून चोरून सूत; कातडी; राजानं स्वतः लपवून ठेवलेला एक चरखा; “माझ्या आज्जीनं रात्री दार लावून कातलं आणि कुणाला सांगितलं नाही.” एका गृहस्थांनी लिहिलं, कर बुडाला असेल त्याचं काय?

यातलं रात्री दार लावून कातणाऱ्या आजीचं उत्तर घेऊन मुलं जूनमध्ये नाटुकलं बसवणार आहेत. बुरुजातली म्हातारी म्हणजे तीच. तिला शिक्षा करायची की नाही यावर दोन तट पडलेत. संवाद लिहायला सोमवारी चार वाजता बसायचं. अक्कांना आधी निरोप द्यायचा, म्हातारीचं काम त्याच करणार म्हणतात.